डांबर किती लागेल? तीन ठेकेदारांचे तीन आकडे, खरा कोणता?

वसाहतकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या वसाहतीतला आतला रस्ता आणि गाड्या लावायची जागा, दोन्हीचं डांबरीकरण करायचं ठरलं आहे. खाली जुना डांबरी रस्ता आहेच, त्यावर ४० मिमीचा नवा थर टाकायचा. तीन ठेकेदार येऊन टेप लावून गेले. पहिल्याने लिहून दिलं १३३ टन, दुसऱ्याने १६७ टन. तिसऱ्याच्या कागदावर आहे "डांबर ७ टन". मी नेटवरच्या एका कॅल्क्युलेटरमध्ये हीच मापं घातली, तर उत्तर आलं १४२.

मापं अशी: रस्ता १६० मीटर लांब, ५.५ मीटर रुंद. शेवटी गाड्या वळवायला गोल आहे, त्याची त्रिज्या ७ मीटर आणि मधोमध २ मीटर त्रिज्येचं झाडाचं आळं. रस्त्याची लांबी गोलाच्या कडेपर्यंतच मोजली आहे. पार्किंग २४ × १५ मीटर. फाटकापाशी रस्ता दोन्ही बाजूंना रुंद होत जातो, त्या वळणांची त्रिज्या ४ मीटर.

मी स्थापत्यातला नाही. पैसे सगळ्यांचे आहेत आणि हिशोब सगळ्यांसमोर मांडायचा आहे, त्यामुळे आकडा कुठून आला हे मला स्वतःला कळायला हवं. दराबद्दल विचारत नाहीये, माल किती लागेल एवढंच सांगा.

खडीकच

तिसऱ्याचं कोडं आधी सोडवू, कारण तिथे गणित चुकलेलं नाही, शब्दाचा घोळ आहे. आपण बोलताना दोन वेगळ्या वस्तूंना डांबर म्हणतो. एक म्हणजे टँकरमधून नाहीतर पिंपातून येणारं काळं, चिकट डांबर. दुसरं म्हणजे ते डांबर गरम खडीत घोळवून रस्त्यावर पडतं ते मिश्रण. साइटवर त्या मिश्रणाला 'माल' नाहीतर 'हॉटमिक्स' म्हणतात आणि डांबर म्हणजे फक्त डांबर.

वरच्या थराच्या मालात वजनाने साधारण ५ ते साडेपाच टक्के डांबर असतं, बाकी सगळी खडी, कच आणि बारीक भुकटी. आता १३३ टनांचे ५.३ टक्के काढा. ७.०५ येतात. म्हणजे पहिला आणि तिसरा एकाच आकड्याची दोन टोकं सांगताहेत.

तिसऱ्याला एक मात्र विचारा, टक्का कशावर धरला आहे? मिश्रणाच्या वजनावर की नुसत्या खडीच्या? ५.३ टक्के खडीच्या वजनावर असतील तर मिश्रणावर ते ५.०३ होतात. १३३ टनांत साडेतीनशे किलो डांबराचा फरक पडतो. कागदावर "मिश्रणाच्या वजनाच्या इतके टक्के" असं स्पष्ट लिहून घ्या.

गणिताची_वही

क्षेत्रफळ मी करून देते.

रस्ता: १६० × ५.५ = ८८० चौ. मी.
पार्किंग: २४ × १५ = ३६० चौ. मी.
गोल: ३.१४ × ७ × ७ = १५४, त्यातून आळ्याचे ३.१४ × २ × २ = १२.६ वजा. राहिले १४१.
फाटकाची वळणं: इथे लोक चुकतात. पाव वर्तुळाचं क्षेत्रफळ धरायचं नाही. चौरसातून पाव वर्तुळ काढून कोपऱ्यात जो तुकडा उरतो तो धरायचा. तो असतो त्रिज्येचा वर्ग × ०.२१५, म्हणजे १६ × ०.२१५ = ३.४ चौ. मी. दोन कोपरे मिळून ७.

एकूण १३८८ चौ. मी.

४० मिमी म्हणजे ०.०४ मीटर. १३८८ × ०.०४ = ५५.५ घनमीटर. दाबून बसलेल्या मालाची घनता घनमीटरला २.४ टन धरली तर १३३.२ टन. पहिल्या ठेकेदाराचा आकडा असा आला आहे.

लक्षात ठेवायला सोपं: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीला २.४ किलो माल. ४० मिमीला ९६ किलो. कुठेही उभ्या उभ्या तोंडी हिशोब होतो. चेंबरची झाकणं क्षेत्रफळातून वजा करू नका. ती जागा किरकोळ असते आणि झाकणाभोवती हाताने भरताना तेवढा माल जातोच.

वसाहतकर

खूप आभार! म्हणजे १३३ बरोबर. मग १४२ कुठून आले? मापं तीच घातली होती.

फुटपट्टी

कॅल्क्युलेटरमध्ये 'टन' कोणता आहे ते बघा. आपला मेट्रिक टन १००० किलोचा. अमेरिकेत चालतो तो छोटा टन २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. ब्रिटिश मोठा टन १०१६ किलोचा. तिन्हींचं नाव टनच. बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये घनता घनफुटाला १४५ पौंड अशी आधीच भरलेली असते, म्हणजे घनमीटरला २.३२ टन. तुमचे ५५.५ घनमीटर × २.३२ = १२९ मेट्रिक टन. तेच छोट्या टनात १४२. करून बघा.

त्यांच्याकडे तोंडी हिशोब असतो तो असा: एक चौरस यार्ड, एक इंच जाडी, ११० पौंड. आपल्या मापात आणलं तर घनमीटरला साधारण २.३५ टन येतात. म्हणजे जगात कुठेही गेलात तरी माल तोच, २.३ ते २.४ च्या आसपास. फसवतात ती एककं.

खडीकच

यावरून आठवलं. कोणी मालाचा हिशोब ब्रासमध्ये सांगितला तर थांबवा. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. खडी-मुरमाला ते ठीक. हॉटमिक्सचा ब्रास सुटा की दाबलेला, यावर वजनात दीड टनाच्या आसपास फरक पडतो. हॉटमिक्स वजनावर घ्यायचं आणि काट्याच्या पावतीवर मोजायचं.

जुना_रोलर

या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसऱ्या ठेकेदाराचे १६७ टन. माझ्या अंदाजाने त्याने ४० ऐवजी ५० मिमी धरले आहेत. १३८८ × ०.०५ × २.४ = १६६.६. अगदी तंतोतंत. आणि ५० का धरले असतील तेही सांगतो. पेव्हरमधून, म्हणजे माल पसरत जाणाऱ्या यंत्रातून, माल पडतो तेव्हा तो सुटा असतो, रोलर फिरल्यावर बसतो. ४० मिमी दाबून हवे असतील तर सुटा थर साधारण ५० मिमीचा टाकतात. हे योग्यच आहे. पण सुट्या मालाची घनता २.४ नसते, १.९ च्या जवळ असते. सुट्या जाडीला सुटी घनता, दाबलेल्या जाडीला दाबलेली घनता. एकाची जाडी आणि दुसऱ्याची घनता अशी मोट बांधली की पंचवीस टक्के जास्त माल निघतो. त्याच्या मनात काही काळंबेरं असेल असं मी म्हणणार नाही, ही चूक मी चांगल्या चांगल्या अंदाजपत्रकांत पाहिली आहे.

आता १३३ बद्दल. वसाहतकर, हा आकडा हिशोबाने बरोबर आहे, पण तुमच्या रस्त्याला तो पुरेल असं मला वाटत नाही. हा सगळा हिशोब धरून चालतो की खालचा रस्ता टेबलासारखा सपाट आहे. तुम्हीच लिहिलंय की खाली जुना डांबरी रस्ता आहे. जुना रस्ता सपाट असता तर त्याच्यावर नवा थर टाकायची वेळ आली असती का?

उमेदवारीतली गोष्ट सांगतो. एका गोदामाच्या आवाराचं काम होतं. क्षेत्रफळ मी दोनदा मोजलं, गुणाकार तीनदा तपासले. तरी संध्याकाळी पाचच्या सुमाराला शेवटचे पंचवीस मीटर उरले आणि माल संपला. माल बनवणारा प्लांट बंद झाला होता. आवाराच्या एका बाजूला अवजड गाड्या उभ्या राहून राहून चाकोऱ्या पडल्या होत्या, दिसायला बोटभर खोल. दोन डंपर माल त्या चाकोऱ्यांत गेला होता आणि मी तो धरलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी थंड कडेला गरम माल जोडावा लागला. पुढे त्या आवारात पहिली भेग पडली ती त्याच सांध्यावर. तेव्हापासून मी टेपच्या आधी दोरी काढतो.

चुका कुठे किती महाग पडतात ते तुमच्याच आकड्यांवर बघा. लांबी मोजताना तुम्ही एक मीटर चुकलात तर अर्धा टन इकडे-तिकडे. घनता २.४ ऐवजी २.३ निघाली तर साडेपाच टन. सरासरी जाडीत ५ मिमी चुकलात तर साडेसोळा टनांच्या वर. करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षाही कमी, नुसते ५ मिमी! सगळे भांडतात क्षेत्रफळावरून आणि माल जातो जाडीत.

तेव्हा येत्या सुट्टीच्या दिवशी एक करा. रस्ता धुवा, नाहीतर पाऊस पडला की लगेच बाहेर पडा, आणि पाणी साचतं त्या जागांच्या कडेने खडूने रेघ ओढा. कडेचे दगड आहेत ना? त्यांच्यावर जुन्या डांबराची काळी रेघ दिसते का ते बघा. रस्ता खचला असेल तर ती रेघ वर राहते. रस्ता एकतर्फी उताराचा असेल तर दोरीचं एक टोक चांगल्या बाजूला जमिनीलगत आणि दुसरं त्या काळ्या रेघेवर धरून ताणा. दर ३० सेंटिमीटरवर स्टीलच्या पट्टीने दोरीपासून खाली माप घ्या. अशी दोरी दर १० मीटरवर लावायची. मापं इथे टाका.

गणिताची_वही

जुना_रोलर यांचं शंभर टक्के खरं. फक्त मापं घेतल्यावर एक काळजी घ्या: सगळ्यात खोल जागेचं माप म्हणजे सरासरी नव्हे. कडेला उतरत गेलेला खचवा पाचरीसारखा असतो, त्याची सरासरी कमाल खोलीच्या निम्मी. बशीसारखा खड्डा असेल तरी साधारण निम्मी. उलट्या शंकूसारखा, मध्ये एकदम खोल असेल तर एक तृतीयांश. कमाल खोली धरून गुणाकार केला तर भराव दुपटीने फुगतो.

वसाहतकर

काल पहाटे मी आणि माझी मुलगी दोरी घेऊन बाहेर पडलो. दोन तास लागले. जुना_रोलर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. रोज ज्या रस्त्यावरून जातो तो असा आहे हे मला आजवर दिसलंच नव्हतं.

काळी रेघ आहे! कडेच्या दगडांवर अगदी स्पष्ट दिसते, आणि जवळजवळ ६० मीटर लांबीत रस्ता तिच्यापासून खाली गेला आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच बाजूने सांडपाण्याची नळी टाकली होती, तेव्हाचा चर. खचवा कडेपासून साधारण १.८ मीटर आत येतो.

सहाव्या दोरीची मापं नमुन्यादाखल देतो, आतून कडेकडे, मिलिमीटरमध्ये: ०, १२, २५, ३६, ४८, ६०, ७०. सरासरी ३६. सातही दोऱ्यांच्या सरासऱ्या अशा: १६, २८, ४०, ४५, ४३, ३६, २०.

पार्किंगमध्ये पाणी टाकलं तर मध्ये लांबट गोल डबकं झालं. खडूच्या रेघेवर मोजलं, १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. मध्ये सगळ्यात खोल ४० मिमी. बाकी रस्ता आणि गोल ठीक वाटला, दोरी आणि रस्ता यांत दोन-तीन मिमीच्या वर फट नाही.

गणिताची_वही

किती सुंदर मोजलंय! मुलीला शाबासकी सांगा.

चर: दोन टोकांच्या दोऱ्या निम्म्या धरायच्या, मधल्या पूर्ण. ८ + २८ + ४० + ४५ + ४३ + ३६ + १० = २१०, भागिले ६ = ३५ मिमी. म्हणून ६० × १.८ × ०.०३५ = ३.७८ घनमीटर, म्हणजे ९.१ टन.
पार्किंग: लांबट गोलाचं क्षेत्रफळ ०.७८५ × १२ × ८ = ७५.४ चौ. मी. सरासरी खोली २० मिमी. १.५ घनमीटर, म्हणजे ३.६ टन.

भरावाला एकूण १२.७ टन. १३३.२ मध्ये मिळवले की १४५.९.

जुना_रोलर

छान. आता हे १२.७ टन धरले नसते तर काय झालं असतं ते बघा. पहिल्या ठेकेदाराने १३३ टनच आणले असते. त्यातले १२.७ खचव्यात गेले असते, पाचेक टन नासाडीत. उरलेल्या ११५ टनांत १३८८ चौरस मीटर झाकायचे म्हटलं की थर ३४-३५ मिमीचा होतो. वरून बघणाऱ्याला काहीही कळत नाही. रस्ता काळाभोर, गुळगुळीत.

नुसता आकडा वाढवून भागणार नाही, क्रम पण पाळायला हवा. खचवा आधी वेगळा भरून, रोलरने दाबून घ्यायचा आणि मग सगळ्यावर ४० चा थर. पुष्कळ ठिकाणी वेळ वाचवायला एकाच फेरीत सगळं टाकतात. तुमच्या ७० मिमी खोल कडेला काय होईल सांगतो. सुटा माल वरून सपाट केला, चांगल्या जागी ५० मिमी, खचव्यात ५० अधिक ७० म्हणजे १२० मिमी. रोलर फिरला. ५० चे ४० झाले, १२० चे ९६. चांगल्या जागी १० मिमी बसलं, खचव्यात २४. म्हणजे १४ मिमीचा खळगा पुन्हा तयार, नव्या कोऱ्या रस्त्यात, पहिल्याच दिवशी.

खडीकच

भरावाचा माल बारीक खडीचा मागा. खचव्याच्या आतल्या कडेला जाडी शून्यावर येते, तिथे मोठी खडी बसत नाही, रोलरखाली फुटते नाहीतर उपटून येते. थराची जाडी सगळ्यात मोठ्या खडीच्या निदान तिप्पट हवी, खडी जास्त भरड असेल तर चौपट. ४० मिमीच्या थराला १३ मिमीच्या आसपासची खडी चालते. १९ मिमीची कोणी सुचवली तर नको म्हणा.

वाटसरू_अभियंता

मध्येच बोलतो, माफ करा. भराव किती ते सगळे मोजताहेत, पण चर अजून बसतोय का हे कोणी बघितलं का? चरातली माती नीट दाबली नसेल आणि ती अजून खाली जात असेल, तर वर ९ टन घालून काही उपयोग नाही. पुढच्या पावसाळ्यात तेच. भरलेला डंपर त्या पट्ट्यावरून माणसाच्या चालीने न्या आणि चाकाच्या बाजूला वाकून बघा. चाकाखाली पृष्ठभाग दबून परत वर येताना दिसला तर तेवढा पट्टा खोदून, खडी-मुरूम थराथराने दाबून भरावा लागेल. मग मालाचा हिशोब पूर्ण बदलतो.

वसाहतकर

बघितलं. पाण्याचा टँकर येतो, तोच भरलेला असताना हळू न्यायला सांगितला. मी गुडघ्यावर बसून बघितलं. दबत नाही. फक्त सुरुवातीच्या दोन-तीन मीटरमध्ये भेगा आहेत, तेवढं खोदून घेऊ.

फुटपट्टी

घनतेबद्दल एक शब्द. २.४ हा आकडा चांगला आहे, पण तो सरासरी आहे. जड काळ्या दगडाची खडी असेल तर २.४५ पर्यंत जातो, हलक्या दगडाची असेल तर २.३ पर्यंत उतरतो. प्लांटकडे त्या मालाचं मिक्स डिझाइन, म्हणजे मालात काय किती घालायचं त्याचा कागद असतो, त्यात दाबलेल्या नमुन्याची घनता लिहिलेली असते. ती मागा. प्रत्यक्ष रस्त्यावर प्रयोगशाळेएवढा दाब बसत नाही, थोडी जास्त हवा राहते, म्हणून त्या आकड्यापेक्षा किंचित कमी धरायचं. मिक्स डिझाइन द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर मला तरी ते खटकेल.

वसाहतकर

प्लांटचा कागद मिळाला. त्यात २.४३ आहे. मग २.४ च ठेवू ना?

फुटपट्टी

हो, ठेवा.

खडीकच

टॅक कोट विसरू नका. जुन्या आणि नव्या थरात चिकटपणा यायला आधी इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, फवारतात. जुन्या डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास, रस्ता फार कोरडा, भुरकट झाला असेल तर ३०० ग्रॅम. १३८८ चौ. मी. ला ३५० ते ४२० किलो. भरावाआधी आणि त्याच्या वरच्या थराआधी असं दोनदा मारायचं असेल तर त्या पट्ट्याचं वेगळं धरा. इमल्शनमध्ये जवळजवळ चाळीस टक्के पाणी असतं, त्यामुळे ते डांबराच्या ७ टनांत मिळवू नका. आणि फवारल्यावर तपकिरी रंग जाऊन काळं होईपर्यंत थांबायचं, तोवर डंपर त्यावर आणायचा नाही. आणला तर चाकांना चिकटून सगळं निघून येतं.

कोपऱ्यातला_फावडा

नासाडी किती धरायची यावर कोणी बोललं नाही. लांब सरळ रस्त्यावर पेव्हर चालत असेल तर दोन-तीन टक्के पुरतात. तुमच्याकडे गोल आहे, आळं आहे, फाटकाची वळणं आहेत, चेंबर आहेत. तिथे हाताने काम होणार. डंपरच्या हौद्याला चिकटून राहणारा माल, पेव्हरच्या पंखांत थंड होणारा माल, शेवटी फावड्याने गोळा करून टाकलेला. मी चार टक्के धरीन. नुसतं हातकाम असेल तर आठ-दहा सुद्धा लागतात.

गणिताची_वही

१४५.९ चे चार टक्के ५.८. एकूण १५१.७, म्हणजे १५२ टन.

गंमत बघा, चारपैकी एकाही आकड्याशी हे जुळत नाही.

वसाहतकर

१५२ टन लिहून, मागे दोऱ्यांची मापं जोडून तिघांनाही परत पाठवलं. तिघांनी मान्य केलं. पहिल्याने तर स्वतः येऊन दोरी लावून बघितली आणि म्हणाला की हे आधी करायला हवं होतं. काम त्यालाच दिलं. पुढच्या आठवड्यात सुरू. प्रत्यक्ष कामाच्या दिवशी मी काय बघू?

जुना_रोलर

खिशात चुना किंवा खडू, हातात टेप, वहीत प्रत्येक डंपरच्या काट्याच्या पावतीचा आकडा. बाकी काही नको.

डंपर १२ टनांचा असेल तर ४० मिमी जाडीने तो १२५ चौरस मीटर पुरतो. रस्ता दोन पट्ट्यांत, २.७५ मीटर रुंदीने टाकतील, म्हणजे एक डंपर साडेपंचेचाळीस मीटर जायला हवा. डंपर रिकामा झाला की पेव्हर जिथे असेल तिथे कडेच्या दगडावर चुन्याची खूण करा आणि मागच्या खुणेपासून मोजा. ५० मीटर गेला तर थर ३६ मिमीचा पडतोय. ४० मीटरच गेला तर ४५ मिमी पडतोय आणि शेवटी माल कमी पडणार. दोन्ही तेव्हाच सांगायचं, रात्री नाही. पण पेव्हरवाल्याला लगेच हँडल फिरवायला लावू नका. मागची पाटी वर-खाली व्हायला वेळ घेते, बदल काही मीटरनंतर दिसतो. घाईने फिरवलं तर रस्त्यात लाटा येतात.

सुट्या थरात सळई खुपसून खोली बघतात ते चालतं, फक्त तिथे ५० मिमी दिसायला हवेत, ४० नव्हे. ४० दिसले तर दाबल्यावर ३२ होतील.

आणि शेवटच्या डंपरची मागणी आधीच नक्की करू नका. दोन डंपर उरले की राहिलेली जागा टेपने मोजा, ९६ किलोने गुणा, आणि प्लांटला तेवढ्याच टनांचा निरोप द्या. मीही आता तेच करतो.

वाटसरू_अभियंता

थर ४० मिमीने वर येणार, तेव्हा चेंबरची झाकणं आधी वर उचलून घेतली आहेत ना? फाटकाच्या दाराखाली तेवढी फट आहे ना?

वसाहतकर

झाकणं उचलली. फाटकाची फट बघितली नव्हती! २५ मिमीच होती. दार वर घेतलं. वाचवलंत.

वसाहतकर

काम झालं. पूर्ण हिशोब देतो, कारण या धाग्याशिवाय तो झाला नसता.

पहिल्या दिवशी भराव: १३.४ टन, आपला अंदाज १२.७ होता. दुसऱ्या दिवशी वरचा थर. तिसऱ्या डंपरला घोळ दिसला. पावतीवर १२.१ टन, आणि पेव्हर ४१ मीटरवरच रिकामा. वहीत करून बघितलं तर जवळजवळ ४५ मिमी. मुकादमाला खूण दाखवली, त्याने पेव्हरवाल्याला हाक मारली, दोघांनी सळई खुपसून बघितलं आणि हळूहळू कमी केलं. पुढचा डंपर ४४ वर, त्यापुढचा ४६ वर. गोलाला आणि आळ्याभोवती हातकामाला वाटलं होतं त्याहून जास्त माल गेला. दोन डंपर उरले तेव्हा टेप लावली आणि शेवटचा अर्धाच मागवला.

वरच्या थराला १३७ टन. एकूण १५०.४. सरासरी जाडी ४१ मिमी निघते. तीन ठिकाणी कोअर, म्हणजे जाडी मोजायला थराचे गोल तुकडे, काढले: ४३, ३९ आणि ४१.

गणिताची_वही

१५२ ला १५०.४! फार आनंद झाला.

वसाहतकर

काल पहिला मोठा पाऊस झाला. मुलगी खडू घेऊनच बाहेर गेली होती. चराच्या कडेला पाणी नाही, पार्किंगच्या मध्ये पण नाही. फक्त पार्किंगच्या चेंबरजवळ तळहाताएवढं डबकं साचतंय.

कोपऱ्यातला_फावडा

झाकण रस्त्यापेक्षा किंचित वर राहिलंय का? पट्टी आडवी धरून बघा. हाताने भरलेली जागा आहे, तिथे रोलर पोचत नाही, छोट्या कंपकानेच दाबावं लागतं.

वसाहतकर

बघितलं. झाकण ६ मिमी वर आहे. ठेकेदार उद्या येतोय.